किरिकोचा रस्ता, १:२५ (तिसरा आठवडा)

डावीकडची कमानींची भिंत काल तिसऱ्यांदा कापली आणि अखेर बसली!

जॉर्जो द किरिकोचं १९१४ सालचं चित्र, ‘एका रस्त्याचं गूढ आणि खिन्नता’, मी रंगमंचाच्या १:२५ मापाच्या मॉडेलमध्ये उभं करते आहे. सर्रिअलिस्ट (स्वप्नासारखी, अतर्क्य दृश्यं रंगवणारे) चित्रकार त्याच्याकडे पूर्वसूरी म्हणून बघत, आणि तो बॅले-ऑपेरांची नेपथ्यंही करायचा. म्हणून वाटलं, चित्र सहज मंचावर उतरेल. पण दोन्ही इमारतींच्या रेषा एका लोपबिंदूला (दूर जाणाऱ्या रेषा जिथे एकत्र आल्यासारख्या दिसतात तो बिंदू) मिळतच नाहीत. कागदावर ते खपतं. फोमबोर्डचे फ्लॅट (नेपथ्याच्या सपाट भिंती) उभे केले की डोळा लगेच हिशेब मागतो.

आधीच्या दोन वेळी चुकलं ते खांबांच्या अंतरात. उंची उतरती ठेवली, अंतरं मात्र सारखीच. आता कर्णरेषेची जुनी युक्ती वापरली: पहिल्या खांबाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या मध्यातून तिरकी रेघ ओढायची, ती तळरेषेला टेकते तिथे तिसरा खांब. पुढची कमान १६ सेंमी, शेवटची ७. आता मधल्या खुर्चीतून बघितलं की रस्ता खरोखर लांब पळतो. कडेच्या खुर्चीतून तो मोडतोच.

मोठी अडचण नटाची. पावणेदोन मीटरचा माणूस या मापात ७ सेंमी, म्हणजे मागच्या कमानीपाशी डोकं थेट वर टेकतं. इटलीतल्या विचेन्झाच्या तेआत्रो ऑलिंपिको या जुन्या नाट्यगृहात वास्तुकार स्कामोझ्झीनं उभारलेल्या, मागे लहान होत जाणाऱ्या गल्ल्यांचंही हेच: आत शिरलेला नट राक्षस दिसतो. ‘ल बाल’ (१९२९, नृत्यरचना बालांशिनची) या बॅलेत किरिकोनं पोशाखांवरच खांब आणि विटा चढवल्या होत्या. इमारत नर्तकाबरोबरच चालते, मग तुलना कशाशी करणार? मला हे फार सुंदर वाटतं. माझ्याही आकृत्या आता तशाच रंगवणार आणि पुढच्या भागातच ठेवणार.

प्रकाश उजवीकडून, मागून, एकच दिवा. जवळ होता तेव्हा सावल्या पंख्यासारख्या फाकत होत्या. दोन मीटर लांब नेल्यावर जवळजवळ समांतर आल्या. चित्रात एका न दिसणाऱ्या माणसाची सावली रस्त्यावर पडते ना, ती मात्र विंगेनं फुकट दिली. आकृती उजव्या विंगेत लपवली, दिवा २० अंशांवर आणला, आणि १९ सेंमीची सावली मंचावर सरकली. त्या जागेला मी आता हात लावणार नाही.