हजेरीचा आकडा

‘फौंड्रीचे हिशेब लिहिता आणि प्लेगचं काय वाचत बसताय ओ?’ उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर हा प्रश्न मला हमखास येतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

मे 2020. आमच्याकडचे बिहारचे मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणारे कामगार, गाठोडी बांधून रेल्वेनं गावी गेले. भट्टी गार पडली. मोल्डिंगच्या पेट्या भिंतीकडेला रचून ठेवलेल्या, आणि वरच्या पेटीतल्या वाळूवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे तसेच राहिलेले. पुढं ऑर्डरी आल्या तसे मालकांनी फोन लावले. तिकडून पहिला प्रश्न आला, हजेरी (म्हणजे दिवसाची मजुरी) किती देणार? मग, तिकीट कोण काढणार, उचल किती? इतक्या वर्षांत मालकांना असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. हजेरी वाढली. तो आकडा वहीत मीच लिहिला.

तेव्हापासून वाचायला लागलो. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मं शहर कोकणात, घाटावर निघून गेलं. गिरण्यांत महिन्याचा पगार, तोही उशिरा द्यायची रीत होती. ती मोडून मालक रोजच्या रोज पैसे मोजायला लागले, नाक्यानाक्यावर चढी बोली लावून एकमेकांचे मजूर पळवायला लागले. त्याआधी साडेपाचशे वर्षं युरोपात हेच झालेलं. 1347 ते 1351 च्या प्लेगनं तिथली निदान एक तृतीयांश माणसं नेली, मजुरी चढली, तर इंग्लंडनं 1351 मध्ये कायदाच केला, की मजुरी साथीच्या आधीच्या दरानंच घ्यायची. हे वाचलं तेव्हा मला खरंच राग आला.

पण साथ आली की मजुराचं भलं होतं, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. 1918 च्या इन्फ्लुएंझात हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. 1921 च्या खानेसुमारीत लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. 1918 मध्येच पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं. गिरणी कामगाराला प्लेगात गाव तरी होतं, तिथं चार महिने भाकरी निघत होती, म्हणून तो अडून बसू शकला. 1918 मध्ये गावातच चूल पेटेना. तिथं कोण कुणाला हजेरी विचारणार?

आमच्या वहीत तिकिटाचे पैसे 2021 च्या दिवाळीनंतर बंद झाले. हजेरी मात्र खाली आलेली नाही.