विडी कारखान्याचा मालक माझ्या कथेत का येत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शब्द दर वेळी निराळे असतात, मुद्दा एकच. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाईवर कथा लिहिता आणि कारखान्याचा मालक त्यात कुठेच नाही. ती मोर्चाला जात नाही, कुणाच्या अंगावर धावून जात नाही. संघर्षच नाही, मग हे पात्र घडतं कशाने? विचारणाऱ्याच्या मनात सोलापुरातला मे १९३०चा मार्शल लॉ असतो, १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले इथले चौघे हुतात्मे असतात, कामगारांचा लाल बावटा असतो. या गावात मालकावाचून कथा म्हणजे पळपुटेपणा, एवढंच काय ते तोंडाने कुणी म्हणत नाही.

आधी माझी बाजू. मालक कथेत आहे. तो पानांच्या गठ्ठ्यात आहे. हजार विड्यांची म्हणून मिळालेल्या पानांत फाटकी, भोकं पडलेली इतकी निघतात की हजार भरत नाहीत, आणि उरलेल्यांची पानं पदरच्या पैशाने आणायची. कारखान्यात विड्या तपासून घेणाऱ्या चेकरने छाट काढली, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकल्या, की तेवढी मजुरी गेली. ही बाहेरची कोंडी पहिल्या पानावरच आली पाहिजे, आकड्यांसकट. वाचकाला हिशोबच कळला नाही तर पुढे त्या बाईने काय सोडलं हेही त्याला कळणार नाही. पण ही कोंडी सगळ्या वस्तीला सारखी आहे, आणि जे सगळ्यांना सारखं आहे त्याने माझ्या कथेतली विडीवाली नरसम्मा शेजारणीपासून वेगळी होत नाही. ती वेगळी होते ते त्या कोंडीत तिला हव्या असलेल्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हा.

दोन्ही हव्या असलेल्या, हे महत्त्वाचं. नवे लिहिणारे इथेच हमखास घसरतात. एकीकडे मुलीचं शिक्षण, दुसरीकडे नवऱ्याची दारू. याला आतला संघर्ष म्हणत नाहीत. वाचकाने निकाल केव्हाच दिलेला असतो, लेखक नुसता उशीर लावत असतो. दोन्ही बाजूंना बोलायला चांगलं तोंड हवं. नरसम्माला मुलगी शिकायला हवी आहे. आणि तिला स्वतःच्या कामाचा, हातांचा अभिमानही हवा आहे. पस्तीस वर्षं ज्या हातांवर घर चाललं ते हात वाईट होते असं तिला म्हणवत नाही.

आता ती कथा, कारण प्रश्न तिच्यावरूनच येतात. नरसम्माची बोटं आखडली आहेत. रात्री भिजवलेली पानं सकाळी फर्म्यावर, म्हणजे पानाच्या मापावर, धरून कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, टोकं दाबून बंद करायची. यातलं शेवटचं काम आता तिला नीट जमत नाही. दिवसाला सहाशेच होतात. उरलेल्या चारशे बारावीतली मुलगी वळते, आईच्या कामाच्या कार्डावर. नरसम्मा रोज म्हणते, "अभ्यास कर की," आणि म्हणतानाच दुसरं सूप मुलीपुढे सरकवते. तिच्या मनातली ओढाताण या एका वाक्यात सांगून झाली. पुढे तिला रात्री आढ्याकडे बघत विचार करायला लावू नका, त्यातून नवं काही निघत नाही.

मग येतो तो प्रसंग, ज्यासाठी सगळी कथा लिहिली. चेकर विड्या मोजतो, चाळतो, दोन ढीग करतो. छाटलेल्या विड्या नरसम्माच्या निघतात. मुलीच्या चारशे एकसारख्या, दोरा घट्ट. चेकर खूश होऊन विचारतो, "हा कुणाचा हात गं?"

इथे तीन वाटा असतात आणि तिन्ही कागदावर उतरवून बघाव्यात. पहिली वाट, नरसम्मा छाटीवरून चेकरशी भांडते. टाळ्या पडतात, पण तिच्या जागी कुठलीही बाई उभी केली तरी हेच भांडण होईल. दुसरी, ती मुकाट घरी येते आणि रडते. हे खरं आहे, पण पुढे काही होत नाही. ती जिथे होती तिथेच राहते, फक्त ओली. तिसरी वाट सापडायला प्रसंग उलटा वाचावा लागतो. चेकरने मुलीचं कौतुक केलं, म्हणजे बाहेर जीत झाली. नरसम्माला क्षणभर बरंही वाटलं, आपलाच हात पोरीत उतरला म्हणून. त्याच क्षणी तिच्या पोटात खड्डा पडला पाहिजे, कारण पोरगी विडीची पक्की कारागीर झाली आहे. यानंतर ती जे करेल ते तिचं एकटीचं असेल.

ती घरी जाऊन सांगते, "तुझ्या चारशे छाटल्या. तुझा हात विडीचा नाही. आजपासून सुपाला हात लावायचा नाही."

धडधडीत खोटं. यात माया आहे आणि क्रौर्यही आहे, आणि दोन्हीचा हिशोब आहे. उद्यापासून चारशेची मजुरी बुडणार, कार्डावर हजार भरले नाहीत म्हणून चेकर बोलणार, आणि आपल्या वाईट हाताचं खापर तिने पोरीच्या चांगल्या हातावर फोडलं. आतलं जे काही आहे ते असं बाहेर पडलं पाहिजे आणि पडल्यावर त्याची किंमत लागली पाहिजे. कर्णाचंच बघा. कुरुक्षेत्र सगळ्यांनाच होतं, पण कुंती भेटून गेली तेव्हा त्याने तिला आकड्यात शब्द दिला: तुझे पाच मुलगे पाचच राहतील, अर्जुन सोडून बाकी चौघांना मी मारणार नाही. पुढे युद्धात ते चौघे तावडीत येऊन सुटतात. मनातली गाठ रणांगणावर मोजता येते ती अशी.

आणि कथा तिथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नरसम्माला जाग येते ती कात्रीच्या आवाजाने. पोरगी पानं कापत बसली आहे, आदल्या दिवसापेक्षा जपून. आईने नापास ठरवलं म्हणून तिला आता चांगलं वळून दाखवायचं आहे. आतून निघालेलं खोटं आता बाहेरची नवी अडचण झालं. हे चक्र तीन हजार शब्दांच्या कथेत दोनदा फिरलं तर पुरे. तिसऱ्यांदा फिरवलंत तर मालिका होते.

तपासायची सोपी रीत सांगते. निर्णायक कृतीच्या जागी शेजारणीला उभं करा. तिनेही तेच केलं असतं तर तुमचं पात्र अजून घडलेलं नाही. मग पानांची टंचाई आणि छाट काढून टाकून कथा वाचा. तरीही आईचं खोटं तसंच उभं राहत असेल तर बाहेरची बाजू नुसती भिंतीवरच्या चित्रासारखी टांगलेली आहे. आणि चेकरला दुष्ट करू नका. त्याला मुलीचं काम मनापासून आवडलं, म्हणून तर घाव बसला. खेकसला असता तर नरसम्मा सुटली असती. आपल्या नाट्यशास्त्रात कार्याच्या अवस्था पाच आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा (मिळेल अशी आशा), नियताप्ति (मिळणार ही खात्री), फलागम (फळ हाती येणं). पाचही मिळवू पाहणाऱ्याच्या. खलनायकासाठी वेगळी अवस्था राखून ठेवलेली नाही.

एवढं बोलून झाल्यावर तुमच्या प्रश्नातलं खरं मला टाळता येत नाही. पूर्वी मी ठासून सांगायची, आतला संघर्षच खरा, बाहेरचा निमित्त. आज तसं म्हणवत नाही, आणि उलटंही म्हणवत नाही. नरसम्माचं खोटं इतकं ठळक झालं की वाचक तिला दोष देतो आणि कमी पानं देणारा सुटतो, ही तक्रार खोटी नाही. कथेत दोष नेहमी जो दिसतो त्याच्या माथी जातो. पण मोर्चा आणला की नरसम्मा हजारातली एक होते आणि तिचं ते खोटं मला कुठे ठेवावं कळत नाही. मोर्चात गेलेल्या बाईलाही घरी येऊन मुलीला काहीतरी सांगावंच लागतं, यापुढे माझं डोकं चालत नाही.

आणि मालकाला आणायचंच म्हणता, तर त्याला सहीपुरतं आणता येणार नाही. कथेत आला की त्यालाही दोन हव्याशा गोष्टींच्या मध्ये उभं करावं लागेल. कारखाना बंद ठेवावा तर इतक्या बायका बसतील, चालू ठेवावा तर पानं अशीच, असं काहीतरी. ते नीट लिहिलं तर चार वाचकांना त्याची दया येईल. तेव्हा मला फोन करून झापणारे तुम्हीच असाल.