मग आता हळदीचं काय?

"हळदीने तोंडाचा कॅन्सर बरा होतो ना? तुम्हीच तर त्यावर पीएचडी केलीत." लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, सगळीकडे हाच प्रश्न. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहिते.

हो, हळदीतल्या कर्क्युमिन या द्रव्याने लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी मेल्या. पण ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून मी डीएमएसओ या द्रावकात विरघळवून थेट पेशींवर सोडत होते, 20 मायक्रोमोलर इतक्या तीव्रतेचं. माणसाने रोज 8 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन गिळलं तरी रक्तात 2 मायक्रोमोलरच्या आसपासच सापडतं. आणि हळदीत ते असतं साधारण 3 टक्के. म्हणजे त्या 8 ग्रॅमसाठीच रोज पाव किलोहून जास्त हळद! (मिरीने शोषण वाढतं, माहीत आहे मला.)

हे तेव्हाच इतकं स्पष्ट बोलायला हवं होतं.

माझ्या कामाची बातमी आली, 'हळद करणार कॅन्सरवर मात'. मामाने कात्रण लॅमिनेट करून घेतलं. दिवाळीत गेले तेव्हा तो चकली चहात बुडवून मऊ करून खात होता. रुमाल पिवळा, बोटं पिवळी. "तोंड उघड," म्हटलं. कशीबशी दोन बोटं जातील एवढंच उघडलं. वीस वर्षांचा गुटखा. टॉर्च मारला. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा, मधोमध खड्डा, कडा टणक, आणि वर हळद-तुपाचा लेप. "तुझंच औषध आहे गं. चार महिने झाले लावतोय."

मी म्हणाले, बायोप्सी करून घे. आणि वर म्हणाले, "हळद चालू दे, अपाय नाही." त्याने फक्त हे दुसरं वाक्य ऐकलं. होळीनंतर दाखवायला गेला, तोवर कॅन्सरने जबड्याचं हाड धरलं होतं.

गुटखा मी दिला नव्हता. बातमीही मी लिहिली नव्हती. पण ते कात्रण मी आठवडाभर स्टेटसला मिरवलं होतं.

ऑपरेशनआधी गाठ आकसावी म्हणून जी केमो दिली, तिला मामा 'केमिकल' म्हणून घाबरायचा. त्यातलं डोसिटॅक्सेल हे औषध बनतं युरोपातल्या यू नावाच्या झाडाच्या पानांतल्या द्रव्यापासून. झाडपाल्याचंच की! तशी सुपारीही झाडाचीच, तंबाखूही. त्यामुळे 'वनस्पतींत काही नसतं' असं माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. मी अजून त्याच लॅबमध्ये आहे.

मामी नाकातल्या नळीतून दूध देते, चिमूटभर हळद घालून. मी बघते, काही बोलत नाही.