तुम्ही विचारलंत म्हणून : पिनेत शोध लावण्यासारखं असतं तरी काय?

परवा कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बोलायला गेलो होतो. शेवटी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी उठली. "सर, प्रोसेसरमध्ये शोध लागतात, बॅटरीत लागतात, ते समजतं. पण कनेक्टर म्हणजे प्लॅस्टिकचा ठोकळा आणि आत एक पिन. त्यात शोध लावण्यासारखं असतं तरी काय?"

वेळ संपत आली होती. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि उद्यमनगरला वर्कशॉपवर पोचेपर्यंत ते अर्धवट उत्तर मला टोचत राहिलं. हाच प्रश्न मला पाहुणे विचारतात, शेजारी विचारतात. माझ्या नावावर चार पेटंटं आहेत आणि चारही बोर्डावरच्या कनेक्टरची, म्हणजे तार आणि सर्किटचा बोर्ड हवं तेव्हा जोडता-सोडवता येणाऱ्या भागाची आहेत, हे कळल्यावर तर हमखास विचारतात. म्हणून आज सवडीनं सांगतो.

सुरुवात दुधाच्या काट्यापासून करावी लागेल.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी पुण्यात नोकरीला होतो. आमचे कनेक्टर ज्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांत जायचे, त्यातले काही आपल्याच जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांत बसवलेले होते. राधानगरीच्या बाजूच्या एका संस्थेतून तक्रार आली की काटा वजन कमी दाखवतो. माणूस पाठवला. त्यानं बोर्ड उघडला, कनेक्टर काढून परत लावला, वीज पलीकडे जाते का ते सांगणारा मल्टिमीटरचा बीप ऐकला. काटा चोख चालू. रिपोर्टात लिहिलं, "दोष आढळला नाही." दहा दिवसांनी तीच तक्रार. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मीच आलो.

गावात तोवर वेगळंच पेटलं होतं. एका बाईंनी घरून निघताना वाण्याच्या काट्यावर कॅन तोलून आणला होता आणि संस्थेत तो कमी भरला. सेक्रेटरी काटा मारतो, असं चावडीवर उघड बोललं जात होतं. सेक्रेटरी पन्नाशीचे गृहस्थ, बावीस वर्षं पहाटे पाचला संस्था उघडणारे. मला म्हणाले, "सायेब, माझ्या पोरीचं लगीन ठरायचंय. लोकं चोर म्हणाय लागल्यात." आणि काट्यावर १० किलोचं माप ठेवलं. आकडा आला ९.९७०. माप उचललं. शून्य. पुन्हा ठेवलं. ९.९७०.

शून्य बरोबर आणि वजन चुकीचं, म्हणूनच कुणाला यंत्राचा संशय आला नव्हता. यंत्र बिघडलं तर आकडे नाचतात, असंच सगळ्यांना वाटतं.

काट्याच्या पोटात लोडसेल असतो, म्हणजे वजनाचा दाब विजेच्या भाषेत सांगणारा भाग. त्याला दोन तारांनी वीज द्यायची आणि उरलेल्या दोन तारांवर त्याचं उत्तर वाचायचं. उत्तर येतं काही मिलिव्होल्टांत. लोडसेलचा रोध साधारण ३५० ओहम. वीज देणाऱ्या दोन पिनांवर मिळून फक्त १ ओहम जास्तीचा अडथळा आला, तरी लोडसेलला मिळणारी वीज तेवढ्या प्रमाणात घटते आणि १० किलोला सुमारे २८ ग्रॅम कमी दिसतात. सगळे आकडे त्याच प्रमाणात उतरले, पण शून्य जागचं हललं नाही. दोन वेळचं दहा-दहा किलो दूध घालणाऱ्या घराचं हे वर्षाला वीस किलो दूध झालं. आणि मल्टिमीटरचा बीप? तो पंचवीस-तीस ओहमलाही वाजतो. आमच्या माणसाला १ ओहम ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मी कनेक्टर काढला आणि पिन दहा पट भिंगाखाली धरली. टिनच्या, म्हणजे कथलाच्या, चकचकीत मुलाम्यावर, नेमका जिथं स्पर्श होतो तिथं, मोहरीच्या दाण्याहून लहान काळा ठिपका होता. पिन जिच्यात शिरते त्या सॉकेटच्या पत्तीवरही तसाच. ती पिन माझ्या डिझाइनची होती. सोनं परवडत नाही म्हणून टिन घ्यायचं, हा निर्णय कंपनीचा असला तरी कागदावर सही माझी होती.

तो काळा ठिपका कसा होतो, हे सांगायला दूधच बरं. टिनवर हवेतल्या ऑक्सिजननं सतत एक पातळ कडक पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा. खालचं टिन मऊ असतं. पिन दाबून आत घातली की साय फाटते आणि धातूला धातू भिडतो. इथवर सगळं छान. पण काट्यावर दिवसाला शे-दोनशे कॅन आदळतात, तार हलते, पहाटेच्या गारठ्यात आणि दुपारच्या उन्हात प्लॅस्टिक आखडतं-पसरतं. पिन जागच्या जागी दहा-वीस मायक्रॉन घासत राहते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे त्याच्या पाव भागाएवढीच ही हालचाल. प्रत्येक घासणीला नवं टिन उघडं पडतं, त्यावर नवी साय धरते, ती मोडून तिचा चुरा तिथंच साचतो. हळूहळू दोन धातूंमध्ये चुऱ्याची गादी तयार होते. कनेक्टर काढून घातला की ती खरवडली जाते आणि काटा पुन्हा खरं बोलतो, दहा दिवस. दुरुस्तीला गेलेल्या माणसाचा हातच पुरावा पुसून टाकत होता.

त्या मुलीला मला हे सांगायचं होतं. दोन धातू एकमेकांना टेकवले म्हणजे वीज गेली, हे आपण गृहीत धरतो. स्वीडनच्या रॅग्नार होम या शास्त्रज्ञानं बर्लिनमध्ये सीमेन्सकडे असताना या टेकण्याचाच अभ्यास केला. आपल्याला गुळगुळीत दिसणारा धातू जवळून पाहिला तर डोंगरदऱ्यांचा असतो, आणि दोन पृष्ठभाग भिडतात ते फक्त थोड्या शिखरांवर. दिसतं त्या क्षेत्राचा नगण्य भाग खरा भिडलेला असतो. सगळी वीज त्या चार-दोन ठिपक्यांतून चिंचोळी होऊन जाते. म्हणून कनेक्टर करणाऱ्याचं सगळं लक्ष एका गोष्टीवर असतं : ते ठिपके दहा-पंधरा वर्षं, हजारो हिसके खाऊन, पावसाळ्याच्या दमटपणात, भिडलेले कसे राहतील?

त्यासाठी हाताशी असतो पिनेला दाबून धरणाऱ्या पाव मिलिमीटर जाडीच्या पत्तीचा जोर. टिनला पिनेमागे १०० ग्रॅमच्या वर दाब लागतो, सोन्याला त्याच्या निम्म्यावरही भागतं, कारण सोन्यावर साय धरतच नाही. मग सगळीकडे जास्त दाबच द्यावा की, असं वाटेल. पण ४० पिनांचा कनेक्टर करून बघा. लावताना तीन-चार किलोचा जोर लागतो, बोर्ड वाकतो आणि कडेचं सोल्डर, म्हणजे डाख, तडकतं. वर पिना लवकर झिजतात त्या वेगळ्याच. दाब कमी तर भरवसा नाही, जास्त तर आयुष्य नाही. माझी चारही पेटंटं या चिंचोळ्या पट्ट्यातच उभी आहेत.

सोन्याबद्दल गुजरीतल्या, आमच्या सराफ बाजारातल्या, मुलामा देणाऱ्या कारागिरांशी बोलताना मला नेहमी घरचं वाटतं. तांब्या-पितळेवर थेट सोनं चढवलं तर काही महिन्यांनी दागिना काळवंडतो, हे त्यांना पिढ्यांपासून ठाऊक. तांबं सोन्यातून झिरपत वर येतं. आम्ही मध्ये निकेलचा सव्वा मायक्रॉनचा थर देतो आणि त्यावर पाऊण मायक्रॉन सोनं, तेही जिथं स्पर्श होतो तेवढ्या दोन-तीन मिलिमीटरवरच. (कॉम्प्युटर चालू झाला नाही की रॅम काढून खोडरबरनं घासतात ना? मळ निघतो हे खरं, पण एवढंसं सोनंही घासलं जातं. फार करू नका.) आणि सोन्याची पिन टिनच्या सॉकेटात कधी घालू नये. बचत वाटते, पण टिन सोन्यावर लागतं आणि घासाघाशीत साय धरायला तेच पुरतं.

हे सगळं आलं कुठून? रेडिओत पूर्वी तारांचं जंजाळ असायचं, प्रत्येक सांधा हातानं डाखलेला. व्हिएन्नात जन्मलेले पॉल आइझलर १९३६ मध्ये लंडनला आले आणि त्यांनी तारांऐवजी पाटीवर तांब्याच्या वाटा छापल्या. तो आपला बोर्ड. बोर्ड आला तसा नवा प्रश्न आला : या पाटीला बाहेरच्या जगाशी जोडायचं कसं, आणि लागेल तेव्हा सोडवायचं कसं? १९४१ मध्ये अमेरिकेत अंकस व्हिटेकर यांनी जी कंपनी काढली, ती पुढे एएमपी म्हणून जगभर गेली. तिनं सोल्डरशिवाय, नुसत्या दाबानं तारेवर लग, म्हणजे जोडणीचं धातूचं टोक, बसवण्याची पद्धत रुजवली. विमानांच्या कारखान्यांत वेळ वाचला आणि सांधा माणसाच्या हातावर अवलंबून राहिला नाही.

मला स्वतःला सगळ्यात देखणी वाटते ती नेढ्याची पिन. सुईला नेढं असतं तसं या पिनेच्या मधोमध एक लांबट भोक पाडलेलं असतं, आणि त्याच्या दोन्ही बाजू किंचित फुगलेल्या. बोर्डाला ड्रिल मारतात साधारण १.१५ मिलिमीटरचं, आतून तांबं चढल्यावर भोक उरतं १ मिलिमीटरच्या आसपास. पिन त्याहून थोडी रुंद. दाबली की नेढं मिटतं, दोन्ही बाजू भोकाच्या भिंतीला आतून रेटत राहतात, आणि सांधा इतका घट्ट बसतो की मध्ये हवाही शिरत नाही. हवा नाही म्हणजे साय नाही. सोल्डर नाही, भट्टी नाही. आज कितीतरी मोटारगाड्यांच्या बोर्डांवर अशाच पिना असतात. एक पोकळी कोरून पिनेला स्प्रिंग केलं! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसून कागदावर नेढी काढत होतो.

तुमच्या खिशातही एक आहे. यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ चं, आणि ते घडवणाऱ्यांत बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट अग्रणी. त्या प्लगमध्ये विजेच्या दोन पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा पुढे काढल्या आहेत, म्हणजे घालताना आधी वीज जोडली जाते आणि मग बोलणं सुरू होतं. पुढे मायक्रो-यूएसबी आली तेव्हा अडकून धरणाऱ्या स्प्रिंगा फोनमधून काढून केबलच्या टोकात घातल्या. झिजायचं ते केबलनं झिजावं, फोननं नाही. नांगर तोच ठेवून फाळ बदलतात, अगदी तसं.

आता माझं काय, तेही सांगतो. त्या काट्यासाठी सोनं मंजूर करून घ्यायला आठ महिने गेले. पण मला नुसतं सोनं पुरेसं वाटेना. तारेचा हिसका स्पर्शापर्यंत पोचतोच कशाला? मी पत्तीला दोन जिभा केल्या, एक लांब, एक आखूड. दोघींची थरथरण्याची चाल वेगळी, त्यामुळे एक क्षणभर उचलली गेली तरी दुसरी टेकलेली असते. ही युक्ती माझी नाही, टेलिफोनच्या रिलेंत, म्हणजे विजेनं चालणाऱ्या स्विचांत, दुभंगलेल्या पत्त्या कधीच्या होत्या. माझं आहे ते तिच्या मागचं : तार धरणारा भाग आणि जिभा यांच्यामध्ये दिलेला एक वळसा. तार हलली तर हिसका त्या वळशातच जिरतो. वळसा नेमका कुठे आणि केवढा, याच्यावर माझं पहिलं पेटंट आहे. मुंबईच्या पेटंट कार्यालयात कागद गेले तेव्हा दावा जेमतेम दहा ओळींचा होता. जुन्या रचनेपेक्षा जेवढा नवा फरक तुम्ही केला, तेवढाच अर्ज केल्यापासून वीस वर्षं तुमचा. बहुतेक पेटंटं अशीच असतात.

पहिले नमुने मात्र वळशाच्या ठिकाणीच तडकत होते. पुण्यात कुणाला उलगडेना. पिना कापून घडवायचं टूल, म्हणजे डाय, इथं उद्यमनगरात बनवलं होतं, म्हणून पिनांची पुडी घेऊन आलो. मिस्त्रींनी एक पिन उजेडाकडे धरली, नखानं फिरवली आणि म्हणाले, "सायेब, पट्टीला लाकडागत नस असतीया. नस धरून घडी घातलीसा तर तडकणारच की. आडवी घ्या." पट्टी ज्या दिशेनं रोल झालेली असते त्या दिशेला समांतर घडी घातली की चीर जाते, हे पुस्तकात मीही वाचलं होतं. पण हातातल्या पाव मिलिमीटरच्या पत्तीत ते मला दिसलं नव्हतं. डायवर पिन काटकोनात फिरवून बसवली, दर मीटरला पट्टी थोडी जास्त लागली, आणि तडे थांबले. नोकरी सोडल्यावर मी पुण्याला न राहता इथं का आलो, हेही मला विचारतात. त्याचं उत्तर बरंचसं त्या मिस्त्रींकडे आहे.

तपासायची पद्धतही आम्ही बदलली. आता पिनेचा अडथळा मोजताना २० मिलिव्होल्टच्या वर जात नाही. जास्त व्होल्टेजनं मोजलं तर मोजणंच साय फोडतं आणि सगळं ठीक असल्याचं सांगतं.

त्या सेक्रेटरींना मी नवीन बोर्ड स्वतः नेऊन बसवला. गावच्या मीटिंगमध्ये उभा राहून काळा ठिपका पडलेली पिन भिंगाखाली सगळ्यांना दाखवली आणि चूक यंत्रातली, आमची, हे सांगितलं. त्या बाईंनी भिंग बराच वेळ डोळ्याला लावून धरलं होतं. कंपनीतल्या काहींना माझं हे बोलणं रुचलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मला लग्नाची पत्रिका आली.

सध्या शेतीपंपाच्या स्टार्टरसाठी नवी पिन करतोय. बांधावरच्या पत्र्याच्या पेटीत उन्हाळ्यात आतली हवा भाजून काढते आणि तापलेली स्प्रिंग हळूहळू आपला जोर विसरते. पितळ लवकर विसरतं, फॉस्फर ब्राँझ बराच काळ टिकतं, बेरिलियम कॉपर सगळ्यांत उत्तम पण महाग. मला फॉस्फर ब्राँझमध्येच जमवायचंय, कारण स्टार्टर घेणाऱ्याला महागडी पिन परवडणार नाही. तिचा जोर किती टिकतो ते बघायला वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चाळीस पिना ठेवल्यात, १००० तासांसाठी. आज सकाळी ७०० झाले. अजून साडेबारा दिवस. त्या मुलीला निरोप धाडलाय, उघडताना ये म्हणून.