दहा मिनिटं लवकर वाजलेली घंटा

बाराची घंटा वाजवायची ड्युटी आठवीकडे असायची आणि १९९२ साली ती माझ्याकडे आली. तीन टोले, थांबायचं, परत तीन, थांबायचं, परत तीन आणि मग सलग नऊ. अख्खी शाळा आन्जेलसला, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेला, उभी, वर्गातली हिंदू पोरंपण कुणी न सांगता उभी राहायची, आणि आजूबाजूच्या वाड्यांत काम करणाऱ्या बायका घड्याळ बघायच्याच नाहीत, घंटा झाली की विळा खाली, क्रूसाची खूण, आणि चालल्या घरी जेवायला.

तर मला एकदा सडकून भूक लागली होती म्हणून मी ती ११.५० ला वाजवली.

वसईतल्या आमच्या त्या गावात हे लपणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी फादरांनी बंगल्यावर बोलावलं. छडी नाही, ओरडा नाही, म्हणाले, दहा मिनिटं लोकांची घेतलीस ना, आता आठवडाभर रोज पाच वाजता दहा मिनिटं इथे बसायचं. फादर त्या वेळी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत एक जाडजूड काळं पुस्तक वाचायचे, त्यातून लाल-हिरव्या-पिवळ्या रिबिनी लोंबायच्या. आम्हाला वाटायचं रविवारचं प्रवचन पाठ करतायत. ती ब्रेव्हरी, म्हणजे फादर लोकांचं रोजच्या प्रार्थनांचं पुस्तक होतं, हे मला शिक्षेत कळलं.

माझं काम काय, तर रिबिनी लावून द्यायच्या. एक बायबलमधल्या त्या आठवड्याच्या स्तोत्रांवर, एक सणाच्या पानावर, एक झोपायच्या आधीच्या प्रार्थनेवर. चुकीच्या पानावर लावली की फादर चालता चालता थांबायचे आणि नुसतं बघायचे. त्यांनीच सांगितलं की सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र आणि एक वाचनाची, अशा या प्रार्थना फादर लोकांना रोज म्हणाव्याच लागतात, मूड असो नसो. त्यांच्या तरुणपणी आठवड्यात सगळी १५० स्तोत्रं, तीपण लॅटिनमध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे रोमला भरलेल्या चर्चच्या मोठ्या सभेनंतर, १९७१ ला नवीन पुस्तक निघालं आणि तेच चार आठवड्यांवर पसरलं, शिवाय ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं काढून टाकली कारण त्यात शत्रूला फार शिव्याशाप आहेत. मग काय, दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही चौघांनी बायबल काढून आधी तीच तीन वाचली!

घरी आजीला सांगितलं तर ती म्हणे, मला वाचता येत नाही म्हणून काय झालं, माझी पंधरा दशकांची रोझरी, म्हणजे जपमाळ, एका दशकात दहा नमो मरिया, म्हणजे १५० नमो मरियेच की. बरोबर होतं तिचं, अक्षर न येणाऱ्यांची १५० स्तोत्रं म्हणजे रोझरी असं जुने लोक म्हणायचेच. (२००२ ला पोप जॉन पॉलनी पाच रहस्यं, म्हणजे आणखी पाच दशकं, वाढवली आणि हिशोब २०० वर गेला, पण तेव्हा आजी नव्हती.)

मग वीस-पंचवीस वर्षं मी हे सगळं विसरून गेलो, खोटं कशाला बोलू. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये देऊळ, म्हणजे आमचं चर्च, बंद, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) यूट्यूबवर, तेव्हा मोबाईलवर ब्रेव्हरीचं अ‍ॅप घेतलं ते अजून आहे. सकाळची प्रार्थना विरार लोकलमध्ये, जागा मिळाली तर बसून नाहीतर दांडा धरून. दुपारची बहुतेक बुडतेच. वाचनाची तर विचारूच नका. पण रात्रीची मी सोडत नाही, सात-आठ मिनिटांत होते, शेवटी बायबलमधल्या म्हाताऱ्या शिमोनाचं गाणं, आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे. आणि शुक्रवारी रात्री ८८ वं स्तोत्र येतं, अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात काळं, ते अंधारावरच संपतं, पुढे एक ओळपण दिलाशाची नाही. ऑफिसचं ग्रुप पार्टीचे फोटो टाकत असतं आणि मी हे वाचत असतो. पहिल्यांदा वाटलं काहीतरी पान राहिलं. आई आजारी होती तेव्हा मात्र तेच एक खरं वाटायचं, बाकीची स्तोत्रं फार लवकर खूश होतात असं वाटायचं.

मागच्या महिन्यात शाळेत गेलो होतो. बंगला पाडून नवीन झालाय, व्हरांडा नाही. घंटेला टायमर लावलाय, बरोबर बाराला वाजते. शिपाईकाकांना विचारलं, लवकर वाजते का कधी? नाही म्हणाले, पण लाइट गेली की वाजतच नाही, मग वाडीतल्या बायका येऊन आम्हाला ओरडतात.