तुम्ही विचारलंत म्हणून: क्लीट का सोडल्या?

टेकडीवर सकाळी भेटणारे विचारतात. सिंहगडाच्या पायथ्याशी चहा पिताना विचारतात. नव्या सायकलचं बजेट सांगून सल्ला मागणारे तर हमखास विचारतात. (क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेला धातूचा तुकडा. तो पॅडलच्या स्प्रिंगमध्ये अडकतो, टाच बाहेर फिरवली की सुटतो.) ‘आम्हाला क्लीट लावायला लावल्यात आणि आता तुम्हीच चपट्या पॅडलवर?’ मग नजर आणखी खाली जाते आणि दुसरा प्रश्न येतो, ‘आणि चाकं अजून 26 इंचीच?’

चाकांचं आधी सांगून टाकतो, कारण तिथे माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. 29ची चाकं दगडांवरून जास्त सहज जातात, हे मला मान्य आहे. मी चालवून बघितली आहेत. रिंगवर टायर जिथे बसतो तिथला व्यास 26ला 559 मिलिमीटर आणि 29ला 622. एवढ्या फरकाने पुढचं चाक खड्ड्यात कमी आपटतं, यात वाद नाही. 26 हे माप काही कुणी गणित मांडून काढलेलं नव्हतं. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यातली पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची. त्या सायकलींना 26ची चाकं होती, म्हणून माउंटन बाइकलाही तीच आली. उतरताना मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं, दर उताराला नवं भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नाव ‘रीपॅक’. अशा खटपटीतून आलेल्या मापाला शास्त्र म्हणून कवटाळणारा मी नव्हे.

माझं कारण वेगळं आहे. एका पावसाळ्यात माझ्या मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या. तिन्ही फ्रीव्हीलच्या बाजूच्या, तिन्ही हबजवळच्या वाकणात. मी दोष माझ्या पोटाला दिला. पेठेतल्या सायकलवाल्या काकांनी चाक उलटं टांगलं आणि तारा एकेक करून बोटाने छेडल्या. काही टणकन वाजल्या, काही वाजल्याच नाहीत. ‘वजनाने नाही तुटत, ढिली आहे म्हणून तुटते,’ ते म्हणाले. ढिली तार चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला सैल पडते, परत ताणली जाते आणि त्याच वाकणात रोज थोडी थोडी मरते. काकांनी 32च्या 32 तारा नव्या घातल्या, अर्धा दिवस चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला आणि चाक दिलं. ही 2014ची गोष्ट. तेव्हापासून एक तार तुटलेली नाही. काका आता दुकानात बसत नाहीत. बाजारात 26चे बरे टायर मिळायचे थांबतील तेव्हा चाकं बदलीन. झालं, चाकांचा विषय संपला.

पॅडलबद्दल मी आजवर तुम्हाला जे सांगत आलो तेही खोटं नाही. चपट्या पॅडलवर पाय पटकन टेकवता येतो. उडी मारताना चोरी करता येत नाही, क्लीट असली की सायकल पायाला बांधून उचलता येते, तंत्र शिकावंच लागत नाही. चपट्या पॅडलच्या पिना नडगीला लागतात, माझ्या दोन्ही नडग्यांवर त्यांच्या रांगोळ्या आहेत, पण ते चालतं. हे सगळं खरं आहे. मी क्लीट सोडल्या त्या मात्र यातल्या एकाही कारणासाठी नाही.

जुलै 2016. माझी भाची तेव्हा 16 वर्षांची होती. दहावी झाली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच ढोल पथकात नाव घातलं होतं. संध्याकाळी नदीपात्रात सराव आणि सकाळी मामाबरोबर वेताळ टेकडी. मी तेव्हा क्लीटचा कीर्तनकार होतो. ‘पाय वर ओढता येतो, 30 टक्के ताकद वाढते,’ असं सगळ्यांना सांगायचो. हे 30 टक्के मी कुठून आणले होते, देव जाणे. मीच तिच्या सायकलला माझी जुनी एसपीडी, म्हणजे क्लीट अडकणारी, पॅडलं लावली, बूटही मीच घेऊन दिले. आधी सोसायटीच्या आवारात आठ दिवस सराव करून घेतला. पाय सहज सुटावा म्हणून पॅडलच्या स्प्रिंगचा टेन्शनचा स्क्रू सगळ्यात हलका ठेवला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय. हलकं ठेवलं होतं. आठ दिवस सराव करून घेतला होता.

त्या रविवारी खाणीच्या वरच्या अंगाला, जिथे ग्लिरिसिडिया संपून उघडा कातळ लागतो, तिथे आम्ही चढत होतो. रात्रभर पाऊस पडला होता, कातळावर शेवाळ होतं. समोरून काठी टेकत एक आजोबा आले. टेकडी आधी चालणाऱ्यांची, सायकलवाल्यांनी थांबायचं, हा मीच शिकवलेला नियम. ती थांबली. उजवा पाय व्यवस्थित सुटला. पण उतार डावीकडे होता आणि सायकल डावीकडे कलली.

‘मामा, पाय निघत नाहीये.’

ती ओरडली नाही. चहात साखर नाही म्हणावं तशा आवाजात म्हणाली. मी तिच्या मागे फार तर आठ फुटांवर होतो. सायकल टाकून धावलो असतो तर कदाचित धरता आलं असतं, कदाचित नसतं. मी जागेवरून सूचना दिली. ‘टाच बाहेर फिरव. टाच!’ तिने फिरवली. मला स्पष्ट दिसलं, टाच पूर्ण बाहेर गेली होती, जितकी जायला हवी त्याच्या दुप्पट. आणि तशीच ती हळूहळू, झाड पडावं तशी, डाव्या हातावर आली.

मनगटाजवळचं हाड मोडलं. आवाज मला आला, तिला आला नाही म्हणाली.

बूट पॅडलवरून सुटेचना. शेवटी बुटाचे पट्टे सोडून पाय बाहेर काढला. आजोबांनी आपला पंचा काढून हात गळ्यात बांधायला मदत केली आणि म्हणाले, ‘चिखल अडकला असणार हो त्यात.’ मी म्हणालो, ‘हो, चिखलच.’

त्या दिवसापासून ते चिखलच आहे. ताईला तेच सांगितलं, भावजींना तेच, तुम्हाला तेच.

प्लास्टर घालून तिला घरी सोडलं आणि मी सायकल घेऊन आलो. बूट अजून डाव्या पॅडलला लटकत होता. पॅडल काढायला घेतलं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे मी शंभर जणांना शिकवलंय, आणि त्या रात्री मी पाना चुकीच्या बाजूने फिरवून ते आणखी आवळून ठेवलं. मग भानावर येऊन सोडवलं. बुटाखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं.

चिखल होता, पण नावाला. क्लीटला दोन स्क्रू असतात. तिच्या डाव्या क्लीटला एकच होता.

माहीत असणाऱ्यांना पुढचं सांगायची गरज नाही. नसणाऱ्यांसाठी: टाच फिरवली की बूट फिरतो आणि त्याच्याबरोबर क्लीट फिरते, म्हणून ती स्प्रिंगमधून सुटते. एक स्क्रू नसला की बूट उरलेल्या स्क्रूभोवती गरगर फिरतो आणि क्लीट जागची हलत नाही. तेव्हा स्प्रिंग हलकी ठेवा नाहीतर घट्ट, काही फरक पडत नाही. तिने सगळं बरोबर केलं होतं.

आदल्या रात्री तिचा गुडघा दुखतोय म्हणून मी क्लीटचा कोन बदलला होता. बसतोय का बघू, मग पक्कं करू, म्हणून स्क्रू हातानेच अर्धवट आवळले. ते 5-6 न्यूटन-मीटर जोराने आवळावे लागतात. तो जोर मोजणारा टॉर्क पाना माझ्या खणात होता, अजूनही आहे. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. कुणाचा, तेही आता आठवत नाही.

प्लास्टर सहा आठवडे होतं. निघालं तेव्हा गणपती तोंडावर आले होते, पण त्या मनगटाने ढोल झेपणार नव्हता. मिरवणुकीत ती पथकाबरोबर चालली, वादकांना पाणी देत. मी अलका चौकात उभा होतो. तिने मला पाण्याची बाटली दिली.

त्यानंतर मी माझ्याही क्लीट काढल्या. लोकांनी विचारलं तेव्हा तंत्र, उड्या, सुरक्षितता, सगळं सुचत गेलं, आणि दोन वर्षांत मला ते स्वतःलाही पटलं.

तुमच्यातले काही आता म्हणतील, मग दोष क्लीटचा नाहीच, तुझा आहे. मला कळतं. तो 2016 सालचा मी तर हे सर्वात मोठ्याने म्हणेल: स्क्रू आवळ आणि परत लाव, त्यात काय! त्याचं बरोबर आहे. खडबडीत उतारावर चपट्या पॅडलवरून माझे पाय उडतात. सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर क्लीटची आठवण येते. पण त्याला हेही विचारावंसं वाटतं की अर्धवट आवळून फोन घ्यायला तूच गेलास ना? यावर तो गप्प बसतो. मग मीही गप्प बसतो. बूट माळ्यावर आहेत. दोनदा खाली काढले, दोनदा परत ठेवले.

ताईला हे वाचून कळेल. तिने मला तेव्हाही काही बोलून दाखवलं नव्हतं. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

भाची आता बंगळुरूला असते. गेल्या दिवाळीनंतर दुकानातून तिचा मेसेज आला. माउंटन बाइक घेतली होती. ‘मामा, क्लीट 51 घेऊ की 56?’ मला आधी कळेचना ही काय विचारतेय. मग मोठा मेसेज लिहिला, त्यात हे सगळं होतं. तो पुसला. ‘56 घे, बऱ्याच बाजूंनी सुटते,’ एवढंच पाठवलं, आणि खाली, ‘दोन्ही स्क्रू तू स्वतः आवळ. पहिल्या राइडनंतर परत बघ.’

तिने अंगठा पाठवला. मग थोड्या वेळाने, ‘तू कधी परत लावतोयस?’

त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.