श्टुटगार्टमध्ये भाड्याचं घर मिळवताना

नोकरीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला येताना सुरुवातीला राहायला एक फर्निश्ड खोली ठरवली होती. ती ठरवताना मी एकच प्रश्न लावून धरला: या पत्त्यावर आनमेल्डुंग होईल का? आनमेल्डुंग म्हणजे राहण्याच्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद. टॅक्स नंबर, रहिवासाचं कार्ड, बरंच काही त्या नोंदीवर अवलंबून असतं. आणि पक्कं घर द्यायचं तर घरमालकाला पगाराचे, बँकेचे कागद हवे असतात. पत्त्याशिवाय कागद नाहीत, कागदांशिवाय पत्ता नाही, असं हे चक्र आहे. ते तोडायचा माझ्या मते एकच मार्ग: पहिली जागा थोडी महाग पडली तरी चालेल, पण तिथे नोंदणी झालीच पाहिजे. त्यासाठी घरमालकाने सही केलेलं, 'ही व्यक्ती इथे राहायला आली आहे' असं पत्र लागतं. कित्येक स्वस्त खोल्यांच्या जाहिरातीत नोंदणी होणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्या खोल्या मी बघितल्याच नाहीत.

मग खरी शोधाशोध. इमोस्काउट, इमोवेल्ट, क्लाइनआनत्सायगन या साइट्सवर सूचना लावून ठेवल्या. इथे खोल्या मोजताना हॉल धरतात, स्वयंपाकघर आणि बाथरूम धरत नाहीत. म्हणजे दोन खोल्यांचं घर हे आपलं वन बीएचके. भाड्याचे आकडे दोन असतात. काल्टमीटे हे नुसतं जागेचं भाडं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई आणि बहुतेक ठिकाणी हीटिंग मिळवलं की होतं वार्ममीटे. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळं. बजेट ठरवताना वार्ममीटेच धरावं, आणि तेही अंदाजे आहे हे लक्षात ठेवावं. वर्षाचा हिशोब नंतर येतो आणि हीटर जास्त वापरला असेल तर वरचे पैसे भरावे लागतात.

सुरुवातीला इंग्रजीत पाठवलेल्या मेसेजना उत्तरंच येत नव्हती. ऑफिसातल्या एका जर्मन सहकारणीने बसून मला चार ओळींचा जर्मन मजकूर लिहून दिला: कोण, कुठे नोकरी, कायमस्वरूपी करार, किती माणसं, धूम्रपान नाही, पाळीव प्राणी नाही. त्यानंतर बोलावणी येऊ लागली. सोबत एका पीडीएफमध्ये सगळे कागद लावून ठेवले. साधारण तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागतात. नव्या माणसाकडे त्या कुठून येणार? मी नोकरीचा करार आणि कंपनीचं पत्र जोडलं. शुफा नावाच्या खाजगी कंपनीचा पत-अहवालही मागतात. आपण नवीन असलो की त्यात फारसं काही नसतं, पण थकबाकी नाही एवढं दिसलं तरी घरमालकाचं समाधान होतं.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीने सांगते. मध्यवस्तीतलं देखणं घर, भाडं निम्मं, मालक म्हणे परदेशात, डिपॉझिट पाठवा म्हणजे किल्ली कुरियरने येईल. असा मेसेज मलाही आला होता. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. घराची गरज जितकी मोठी, तितका माणूस अशा वेळी हळवा झालेला असतो, आणि हे लोक नेमकं तेच हेरतात.

शहराच्या मध्यभागाचा हट्ट मी लवकर सोडला. एस-बान, म्हणजे इथली लोकल ट्रेन, इतकी सोयीची आहे की फायहिंगन, ब्योब्लिंगन, एसलिंगन इथेही बघायला हरकत नव्हती. शेवटी घर मिळालं ते फायहिंगनमध्ये. घरमालकीणबाई वयस्कर, त्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या. पगाराचं त्यांनी ओझरतं विचारलं. मग मला खिडकीपाशी नेलं, ती सताड उघडली आणि म्हणाल्या, "हिवाळ्यातसुद्धा दिवसातून दोन-तीनदा अशी पाच मिनिटं उघडाल ना? नाहीतर भिंतींना बुरशी धरते." मी म्हटलं, "नक्की उघडीन. आमच्याकडे रोजचा स्वयंपाक असतो, वाफ होतेच." त्यांना ते उत्तर आवडलं असावं, कारण पुढचा अर्धा तास त्यांनी केरवोखं समजावण्यात घालवला. या भागात पाळीपाळीने आठवडाभर जिना आणि समोरची फरशी झाडायची पद्धत आहे. पाळी आली की दारावर पाटी लटकते. कागद सगळ्यांचेच चांगले असतात. हे घर मी नीट सांभाळेन हा विश्वास त्यांना त्या खिडकीपाशी वाटला, असं मला अजूनही वाटतं.

घर रिकामं म्हणजे अगदी रिकामं होतं. स्वयंपाकघरात नळाचे पाइप आणि भिंतीतली जोडणी, बाकी काही नाही. छतातून दिव्याच्या नुसत्या वायरी लोंबत होत्या. ओटा, सिंक, शेगडी आपली आपण बसवायची. आधीचे भाडेकरू त्यांचं किचन विकत असतील तर ते घेणं सोयीचं पडतं, म्हणून घर बघतानाच हे विचारून घ्यावं.

डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं, आणि ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. नव्याने संसार मांडताना हा हक्क फार उपयोगी पडतो. मी तो वापरला. दलालाचं म्हणाल, तर २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे असा नियम आहे.

किल्ली घेताना दोघींनी मिळून घरभर फिरून यादी केली. फरशीवरचा ओरखडा, बाथरूमची तडकलेली टाइल, मीटरचे आकडे, सगळं लिहून सह्या केल्या. फोटोही काढून ठेवले. घर सोडताना डिपॉझिट परत मिळणं या कागदावर बरंच अवलंबून असतं, तेव्हा यात घाई करू नये.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नवा पत्ता नोंदवावा लागतो. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून मी करार होताच घेऊन ठेवली. आणि पहिल्याच दिवशी टपालपेटीवर व बेलवर आडनाव लावा. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव बघूनच पत्र टाकतो. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, सरकारी पत्रं, सगळं टपालानेच येतं; पेटीवर नाव नसेल तर ते परत जातं.